तिकीट आणि एटिकेट

मागच्या महिन्यात एका लग्नाच्या स्वागत समारंभाला गेलो होतो. कार्यालय मोठं, माणसं भरपूर आणि वधूवरांना शुभेच्छा द्यायची रांग मारुतीच्या शेपटासारखी लांबलचक. त्या रांगेतून सुटून जेवणाकडे वळलो, तेव्हा माझ्यापुढे एक वयस्कर गृहस्थ होते. स्वच्छ पांढरा सदरा-लेंगा, डोक्यावर टोपी. समोर इंग्रजी अक्षरांत एक पाटी लावलेली होती. ती त्यांनी सावकाश वाचली आणि वाढप्याला विचारलं, "बफेट कुठनं सुरू होतंय?" त्यांच्यामागे बारा-तेरा वर्षांचा नातू उभा होता. तो मोठ्यांदा म्हणाला, "आजोबा, बफेट काय? बुफे म्हणायचं!" आसपासची चार-सहा माणसं हसली. सून हसली, नातूही हसला. आजोबाही हसले, पण जरा उशिरा. हातात घेतलेली ताटली त्यांनी परत ठेवली आणि "मला तशी भूक नाही" म्हणत ते खुर्चीवर जाऊन बसले.

प्रसंग एवढासाच. कोणी कोणाला मुद्दाम दुखवलेलं नव्हतं. पण घरी आल्यावर मला झोप लागेना. कारण पस्तीसहून अधिक वर्षांपूर्वी असंच एक हसू एका खोलीत फुटलं होतं आणि त्या हसणाऱ्यांत मी होतो.

तेव्हा मी बँकेत अधिकारी होतो. साल १९८८. मुंबईच्या विभागीय कार्यालयात कर्जप्रस्तावांची बैठक चालू होती. परभणीकडचा एक तरुण शेती अधिकारी प्रस्ताव मांडायला आला होता. विहिरी आणि पाइपलाइनसाठी सात-आठ शेतकऱ्यांनी मागितलेलं कर्ज होतं. त्याने एकेका शेतकऱ्याचं शिवार पायाखालून घातलेलं होतं. कोणाच्या विहिरीला उन्हाळ्यात किती पाणी असतं, हे त्याला तोंडपाठ होतं. इंग्रजीत बोलायचा दंडक होता, म्हणून तो बेताच्या पण नेटक्या इंग्रजीत बोलत होता. बोलता बोलता तारणाचा मुद्दा आला आणि तो म्हणाला, "मॉर्टगेज." ट अगदी ठसठशीत. खुर्चीवरच्या वरिष्ठांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "अहो, हा टी कुठून आणलात? टी चार वाजता मिळेल." सगळी खोली हसली. मीही हसलो. त्या तरुणाने खाली मान घालून प्रस्ताव पुरा केला. तो मंजूरही झाला. पण त्यानंतर मी त्याला बैठकीत कधी तो शब्द उच्चारताना ऐकलं नाही. तो 'गहाणखत' म्हणायचा. पुढे बढतीच्या मुलाखतींना तो बसलाच नाही. का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "साहेब, तिथं इंग्रजीत बोलावं लागतं."

माझ्या हसण्याला माफी नाही, कारण मॉर्गेजमधला ट मुका असतो हे मला तरी कुठे जन्मतः ठाऊक होतं? मी तालुक्याच्या गावातला. इंग्रजी कादंबऱ्यांची ओळख झाली ती तिथल्या वाचनालयात. त्यामुळे शेकडो शब्द मला डोळ्यांनी ठाऊक होते, कानांनी नव्हते. मुंबईत पहिल्या नेमणुकीवर आलो, तेव्हा एकदा गप्पांत मी ऐटीत 'फॉक्स पास' म्हणालो होतो. कोल्ह्याशी त्याचा काही संबंध असावा, असंच मला वाटत होतं. ज्या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी 'चुकलेलं पाऊल', तो उच्चारतानाच माझं पाऊल चुकलं होतं! आमचे हेड कॅशियर तिथे होते. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी स्टेशनकडे चालताना मात्र हळूच म्हणाले, "तो शब्द 'फो पा' असा म्हणतात बरं का. मलाही एका गिऱ्हाइकानेच सांगितलं होतं." त्याच महिन्यात कधीतरी मॉर्गेजचा मुका टही त्यांनीच सांगितला. मला गुपचूप मिळालेलं ज्ञान मी चारचौघांत दुसऱ्यावर हसायला वापरलं. ही माझी बाकी अजून फिटलेली नाही.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसा मी या शब्दांच्या मागे लागलो. इंग्रजीत फ्रेंच शब्द आले कसे, त्यांचे उच्चार असे तऱ्हेवाईक का, आणि मुख्य म्हणजे 'बरोबर' उच्चार ठरवतं कोण? जे कळलं त्याने माझी करमणूकही झाली आणि थोडी शरमही वाटली.

कथा सुरू होते १०६६ साली. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या नॉर्मंडीचा सरदार विल्यम समुद्र ओलांडून आला, हेस्टिंग्जची लढाई जिंकला आणि इंग्लंडचा राजा झाला. पुढची सुमारे तीन शतकं तिथल्या दरबाराची, कायद्याची आणि प्रतिष्ठेची भाषा फ्रेंच होती. शेतात आणि स्वयंपाकघरात तेवढी इंग्रजी. अखेर १३६२ साली कायदा करावा लागला की न्यायालयातले वाद इंग्रजीत चालावेत, कारण फ्रेंच लोकांना समजत नाही. गंमत म्हणजे तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिलेला होता! आजही ब्रिटिश संसदेतल्या विधेयकाला राजाची संमती मिळते, ती त्या जुन्या नॉर्मन फ्रेंचमधल्या तीन-चार शब्दांनीच जाहीर होते. कचेरीची भाषा एक आणि घरची भाषा दुसरी, हा अनुभव आपल्याला नवा नाही. फारसी शब्दांनी आपली महसुली भाषा कशी भरून गेली, हे कोणत्याही जुन्या सातबाराला विचारावं.

या काळात आलेले हजारो शब्द इंग्रजांनी पार पचवले. उच्चार आपल्या जिभेला हवा तसा वळवला. पुढे सतराव्या-अठराव्या शतकात फ्रेंच चालीरीती, पाककला आणि पोशाख यांची भुरळ पडली आणि शब्दांची दुसरी लाट आली. हे शब्द मात्र पाहुण्यासारखे आले, पाहुण्यासारखेच राहिले. त्यांचा उच्चार शक्यतो मूळचा ठेवायची धडपड झाली. म्हणून एकाच घरातले दोन भाऊ इंग्रजीत वेगवेगळ्या तोंडवळ्याने वावरतात. 'चीफ' आणि 'शेफ' हे मुळात एकाच फ्रेंच शब्दाचे दोन अवतार. पहिला सातशे वर्षांपूर्वी आला, त्याचा च राहिला. दुसरा एकोणिसाव्या शतकात आला, तोवर फ्रेंचांनी स्वतःच च चा श करून टाकलेला होता. 'हॉस्टेल' आणि 'हॉटेल' असेच भाऊ. आम्हा बँकवाल्यांच्या कागदांवर 'वॉरंटी' आणि 'गॅरंटी' हे दोन शब्द वेगवेगळ्या रकान्यांत असतात, पण मूळ एकच. नॉर्मंडीकडचे लोक 'व' म्हणायचे, पॅरिसकडचे 'ग'. इंग्रजीने दोन्ही ठेवून घेतले.

पण मला सर्वांत आवडलेली जोडी निराळीच. 'तिकीट' आणि 'एटिकेट'. चिकटवलेली चिठ्ठी अशा अर्थाचा एक जुना फ्रेंच शब्द सोळाव्या शतकात इंग्रजीत आला आणि झिजून 'टिकेट' झाला. तोच शब्द अठराव्या शतकात पुन्हा आला, आता दरबारी रीतिरिवाज असा अर्थ लेवून, आणि त्याला 'एटिकेट' म्हणू लागले. पहिला आपल्याकडे येऊन इतका मराठी झाला की एस. टी.त चढणाऱ्या आजीबाईही 'तिकीट' म्हणतात. ती म्हणते 'तिकीट', साहेब म्हणतो 'टिकेट', फ्रेंच माणूस म्हणतो 'एतिकेत'. तिघांपैकी चुकलं कोण? गाडी तर तिघांनाही मिळते.

मुके झालेले अक्षर हा तर स्वतंत्र विनोद आहे. कर्जाला इंग्रजीत 'डेट' म्हणतात, त्यात ब लिहितात पण बोलत नाहीत. फ्रेंचमधून शब्द आला, तेव्हा त्यात ब नव्हताच. पुढे पंडितांना वाटलं, लॅटिनमध्ये ब आहे, तर आपणही लिहावा. लिहिला. जीभ मात्र तयार झाली नाही. पावतीच्या 'रिसीट'मधला प असाच मागाहून घुसवलेला. शेक्सपिअरच्या 'लव्हज लेबर्स लॉस्ट' या नाटकात एक पंतोजी आहे. लोक डेटमधला ब उच्चारत नाहीत म्हणून तो चिडतो. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी विनोदाचा विषय होता तो जास्तीचं अक्षर बोलणारा नव्हे, तर दुसऱ्यांचे उच्चार तपासत फिरणारा! 'कर्नल'चं तर काय सांगावं! फ्रेंचांकडून आलेल्या रूपात र होता, मूळ इटालियनमध्ये ल. इंग्रजांनी लिहिण्यात ल घेतला आणि बोलण्यात र ठेवला. असल्या घोळाला आपण नियम म्हणतो आणि त्यात न बसणाऱ्या परभणीच्या मुलाला हसतो.

आता त्या मॉर्गेजकडे येतो. 'मॉर' म्हणजे मेलेलं, 'गेज' म्हणजे तारण. मेलेलं तारण. सर एडवर्ड कोक या गाजलेल्या इंग्रज कायदेपंडिताने १६२८ साली याचा खुलासा लिहून ठेवला आहे. कर्ज फेडलं नाही, तर जमीन ऋणकोला मेली. फेडलं, तर तारण धनकोला मेलं. कोणासाठी तरी मरण ठरलेलंच. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. आणि जो ट आम्ही हसण्यावारी नेला, तो कोण? लॅटिनमधला मृत्युवाचक शब्द आणि संस्कृतातला 'मृत' हे एकाच प्राचीन कुळातले, हे भाषाशास्त्राचं पहिलं-दुसरं पाठ्यपुस्तकही सांगतं. म्हणजे तो ट आपल्या 'मृत'मधला त होता! इंग्रजांनी तो मुका केला. आमच्या सहकाऱ्याने तो उच्चारला. शब्दाच्या मुळाशी त्या खोलीत सर्वांत जवळ तोच होता, हे आम्हा शहाण्यांना कळलं नाही.

कोणी म्हणेल, निदान खुद्द इंग्रजांचे उच्चार तरी एकसारखे असतील. तसंही नाही. तिथल्या जुन्या सरदारांची फ्रेंच नावं पाहा. 'सुंदर शेत' अर्थाचं 'बोशां' हे नाव ते 'बीचम' असं उच्चारतात. 'सुंदर दृश्य' अर्थाचं 'बेलव्वार' नावाचा किल्ला आहे, त्याला म्हणतात 'बीव्हर'. हॅम्पशरमधलं 'बोल्यू' नावाचं गाव 'ब्यूली' झालं. फ्रेंच माणसाने कपाळाला हात लावावा अशी ही मोडतोड. पण ती सरदारांनी केली, म्हणून तिला परंपरा म्हणतात! 'व्हॅले'चं असंच. मोटार उभी करून देणाऱ्या सेवेला आज आपल्या हॉटेलांतही सगळे 'व्हॅले' म्हणतात. पण ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या खासगी नोकर होते, ते इंग्रज उमराव त्यांना ट उच्चारून 'व्हॅलिट' म्हणत.

अमेरिकेची तऱ्हा आणखी वेगळी. 'गॅरेज'चा शेवट इंग्रज बहुधा 'गॅरिज' असा करतो, अमेरिकन 'गराझ' असा. हर्ब, म्हणजे वनस्पती, या शब्दातला ह अमेरिकेत मुका आहे आणि तो जुन्या फ्रेंच वळणाला धरून आहे. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात लोक लिहिल्याप्रमाणे ह उच्चारायला लागले आणि आता तोच शिष्ट उच्चार. म्हणजे अक्षर पाहून उच्चार करणं ही गावंढळाची चूक म्हणावी, तर ती अख्ख्या ब्रिटनने केली आहे. फ्रेंचांचं 'देत्र्वा' अमेरिकेत 'डेट्रॉइट' झालं. माझा पुतण्या तिथे राहतो, तोही डेट्रॉइटच म्हणतो. केंटकी राज्यात तर व्हर्सायच्या राजवाड्याचं नाव घेतलेलं गाव आहे. त्याला तिथले लोक खुशाल 'व्हर्सेल्स' म्हणतात.

या सगळ्यात उच्च वर्गाची मेखही आहेच. १९५४ साली ॲलन रॉस या प्राध्यापकांनी इंग्रजांच्या बोलण्यातल्या वर्गखुणांवर एक निबंध लिहिला. लेखिका नॅन्सी मिटफर्डने १९५६च्या 'नोब्लेस ओब्लीज' या पुस्तकातून तो घराघरांत पोचवला. त्यानुसार जेवणाच्या रुमालाला 'सर्व्हिएट' हा फ्रेंच शब्द वापरणारा खालच्या थरातला आणि साधं 'नॅपकिन' म्हणणारा वरच्या थरातला. गंमत म्हणजे नॅपकिनचं मूळही फ्रेंचच, फक्त जुनं! म्हणजे फ्रेंच येत नाही म्हणूनही हसायचं आणि फ्रेंच वापरलं म्हणूनही हसायचं. खूण कोणतीही चालते. दारावर कोणाला तरी अडवता आलं पाहिजे, एवढंच. एटिकेट हे पुन्हा तिकीट होतं ते असं.

अति शहाणपणाचंही हसं होतंच. फ्रेंचमध्ये शेवटचं व्यंजन बोलत नाहीत, एवढंच ऐकलेले लोक 'कू द ग्रास' या शब्दप्रयोगातला स गाळून 'कू द ग्रा' म्हणतात. मूळ अर्थ, तडफडणाऱ्याची सुटका करणारा दयेचा घाव. स गाळला की तो होतो चरबीचा घाव! फाउलर नावाचे इंग्रजीचे एक नामांकित व्याकरणकार होऊन गेले. १९२६च्या त्यांच्या कोशात त्यांनी अशा मिरवणाऱ्यांना चांगलंच फटकारलं आहे. इंग्रजी बोलता बोलता एका शब्दापुरतं फ्रेंच तोंड करू नये, समोरच्याला अवघडवू नये, बेताने घ्यावं, असा त्यांच्या सल्ल्याचा आशय.

आपल्या मुलखाकडे पाहिलं, तर आपले पूर्वज या बाबतीत जास्त निर्धास्त होते. अठराव्या शतकात बुसी नावाचा फ्रेंच सेनानी निजामाच्या पदरी होता. 'मस्य बुसी' हे त्याचं संबोधन आपल्या कारकुनांनी ऐकलं आणि कागदावर 'मुसाबुसी' लिहून मोकळे झाले. पुढे निजामाकडेच रेमाँ नावाचा दुसरा फ्रेंच अधिकारी आला. त्याला हिंदू लोक 'मुसाराम' आणि मुसलमान 'मुसारहीम' म्हणत. हैदराबादेत मुसारामबाग हा भाग आजही आहे. बुसीच्या हाताखाली कवायत शिकलेला इब्राहिमखान गारदी १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला. त्याच्या नावातला 'गारदी' फ्रेंच 'गार्द'वरून आला, असं मानलं जातं. नारायणराव पेशव्यांच्या खुनामुळे हा शब्द आपल्या पोराबाळांनाही ठाऊक आहे. 'मस्य'चं 'मुसा' केलं म्हणून कोणा कारकुनाने लाजून लेखणी खाली ठेवली नाही.

आजही आपली जीभ तेच करते. एस. टी.चा 'डेपो' घ्या. लिहिताना शेवटी ट असतो, पण महाराष्ट्रातल्या कोणत्याही खेड्यातला माणूस 'डेपोट' म्हणत नाही. कारण हा शब्द त्याला कानाने मिळाला, डोळ्याने नाही. याउलट मुंबईत बांधकामाच्या राडारोड्याला इंग्रजीतला 'डेब्री' हा शब्द आला, तो कागदावरून. म्हणून वर्तमानपत्रांपासून ट्रकवाल्यांपर्यंत सगळे म्हणतात 'डेब्रिज'. आता मुकादमाला 'डेब्री उचला' म्हटलं, तर तो आपल्या तोंडाकडे पाहत राहील. मराठीत 'डेब्रिज' हाच बरोबर शब्द. साड्यांच्या दुकानातली 'वायल' ही मूळची 'व्वाल'. फ्रेंचमध्ये तिचा अर्थ पडदा किंवा बुरखा. आमच्या आईने जन्मभर वायल म्हटलं आणि कापडाचा पोत बोटांनी अचूक ओळखला.

मग काय, कोणी काहीही बोलावं? तसं मी म्हणत नाही. मी बँकेत वाढलेला माणूस आहे, नियमाची किंमत मला ठाऊक आहे. आपली मुलं उद्या मुलाखतीला बसणार, चार ठिकाणी वावरणार. ज्या दारावर तिकीट मागतात, तिथे ते खिशात असलेलं बरं. इंग्रजी बोलताना रूढ इंग्रजी उच्चार ठाऊक असावा. त्यासाठी तीन-चार खुणा पुरतात. शब्द उशिरा आलेला, म्हणजे कला, स्वयंपाक, पोशाख, मुत्सद्देगिरी यांतला असेल, तर शेवटचा ट किंवा स बहुधा मुका: बॅले, बुके, देब्यू, रॉन्देव्हू. शब्द जुना, रोजच्या व्यवहारातला असेल, तर ट बोलायचा: बजेट, मार्केट, टिकेट. शेवटी दोन ट आणि इ लिहिलेले असतील, तर ट बोलायचाच, जसा सिगारेटमध्ये. सी-एचचा जुन्या शब्दांत च, नव्यांत श: चेंबर आणि चेंज, पण शोफर आणि शँपेन. शेवटी ए-जी-ई असेल, तर जुन्यांत 'इज', जसं व्हिलेज, मॅरेज. नव्यांत 'आझ', जसं मसाझ, कॅमूफ्लाझ. 'आँ'सारखा नाकातला उच्चार इंग्रजांना कठीण जातो. आपल्या कोकणातल्या माणसाला तो अनुनासिक शिकवायला नको! आणि या सगळ्याला अपवाद आहेत. शंका आली, तर शब्दकोश पाहावा किंवा सरळ विचारावं.

म्हणजे मुद्दा उच्चाराचा नाहीच. मुद्दा तो सांगायचा कसा, हा आहे. मराठीतही आपण हेच करतो. 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्याला शहरातल्या शाळांत किती हसलं जातं, हे तिथे शिकलेल्या खेड्यातल्या मुलांना विचारा. 'चंद्र'मधला च वेगळा आणि 'चांदणं'मधला वेगळा, हे आपण लिहून दाखवत नाही, पण परप्रांतीय माणूस चुकला की गालातल्या गालात हसतो. खरं तर शब्द चुकीचा उच्चारणारा बहुतेक वेळा तो वाचून शिकलेला असतो. त्याच्या घरी तो शब्द बोलणारं कोणी नव्हतं. त्याने तो एकट्याने मिळवलेला असतो, दिव्याखाली, वाचनालयाच्या बाकावर, नाहीतर लग्नाच्या कार्यालयातल्या पाटीवरून. ज्याला तो आयता कानावर पडला, त्याने त्याच्यापेक्षा जास्त काय केलं?

आमच्या हेड कॅशियरांनी मला जे शिकवलं, त्यात दोन गोष्टी होत्या. एक, त्यांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. दुसरी, 'मलाही एका गिऱ्हाइकानेच सांगितलं' हे वाक्य त्यांनी जोडलं. या दोन्हींना खर्च काहीच नाही. घराघरांतल्या नातवंडांना इंग्रजी शाळेत पुष्कळ उच्चार शिकवतात. या दोन गोष्टी मात्र घरीच शिकवाव्या लागतील. आणि सून हसत असेल, मुलगा हसत असेल, तर नातू तरी कुठून शिकणार?

तो परभणीचा सहकारी काही वर्षांपूर्वी निवृत्त झाला. निरोपाच्या कार्यक्रमाला मी मुद्दाम गेलो होतो. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी आले होते. नारळ आणि शाली यांचा ढीग पडला होता. चहाच्या वेळी मी त्याला बाजूला घेतलं आणि १९८८च्या त्या बैठकीची आठवण काढली. त्याला ती स्वच्छ आठवत होती. मी त्याला मेलेल्या तारणाची गोष्ट सांगितली, कोकचा खुलासा सांगितला, मृत शब्दातला त सांगितला. तुझं मुळीच चुकलं नव्हतं, शब्दाचं मूळ तूच उच्चारलंस, असंही म्हणालो. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग कप खाली ठेवत म्हणाला, "साहेब, छान सांगितलंत. पण हे तेव्हा, त्या खोलीत सांगायला पाहिजे होतं."

तेव्हा मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, हे उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. कारण त्या दिवशी मी न हसण्यासाठी एवढं सगळं ठाऊक असण्याची गरज नव्हती.